पोळपाटावरचं स्टिअरिंग

उषाबाई : मग काढून पुन्हा लाव. मघाशी काढून लावलं तेव्हा दिवा लागला होता.

पल्लवी : दिवा आताही लागलाय, मोठी आई. दिव्याचं भांडणच नाही. हे गेमचं स्टिअरिंग तुझ्या लॅपटॉपला दिसतंय. माझ्या कॉम्प्युटरला दिसत नाही.

उषाबाई : तुझा कॉम्प्युटर खाली, स्टिअरिंग वर. त्याला दिसणार कसं? स्लॅबमधून?

पल्लवी : तेच तर करतोय सकाळपासून! बघ, पुन्हा सांगते. गेम माझ्या खालच्या कॉम्प्युटरवर चालतो, कारण योगेशदादाच्या या जुन्या लॅपटॉपात तेवढा दम नाही. खालचं चित्र नेटवर्कमधून वर येतं आणि तुझ्या टीव्हीवर दिसतं. दिसतेय ना गाडी?

उषाबाई : दिसतेय. दोन तास झाले, जागची हलली नाही. एवढ्यात आमच्या कलाबाईनं चार साड्यांना लेस लावली असती.

पल्लवी : आता याच्या उलट. वरचं स्टिअरिंग नेटवर्कमधून खाली न्यायचं. खालच्या कॉम्प्युटरला वाटलं पाहिजे की ते त्यालाच जोडलंय. त्यासाठी हे शेअरिंगचं सॉफ्टवेअर. वरून लॅपटॉप म्हणतो, माझ्याकडे एक वस्तू आहे, कोणाला हवी? खालून कॉम्प्युटर म्हणतो, मला दे. त्याच्या यादीत स्टिअरिंगचं नाव आलं की झालं. पण यादी कोरीच्या कोरी.

उषाबाई : वायर खराब असेल.

पल्लवी : वायर बदलली. यूएसबीचं भोक बदललं. लॅपटॉप बंद करून चालू केला. त्याचा फायरवॉल, म्हणजे तो पहारेकरी, त्यालाही पाच मिनिटं सुट्टी दिली. काही फरक नाही. आता एकच उपाय उरलाय, आणि तो सगळ्यात सोपा आहे.

उषाबाई : तो नको.

पल्लवी : ऐकून तर घे ना. स्टिअरिंग उचलते, चौदा पायऱ्या उतरते, सरळ कॉम्प्युटरला जोडते. पप्पा टेम्पोचं भाडं घेऊन बारडोलीला गेलेत. मम्मी झोपलीय. तू गुपचूप येऊन बस. कोणाला कळणारही नाही.

उषाबाई : मला कळेल.

पल्लवी : अरे यार, मोठी आई! उद्या सकाळी नऊला टेस्ट आहे. दोनदा नापास झालीस. परवा तुझं लर्निंग लायसन संपतंय. उद्या गेलं तर पुन्हा पहिल्यापासून फॉर्म, पुन्हा फोटो, पुन्हा सगळं. आणि तू एवढ्याशा गोष्टीसाठी...

उषाबाई : एवढ्याशा? तू होतीस ना तिथं? तुझ्या मोठ्या पप्पांचं वर्षश्राद्ध होतं. पंगतीत वाढत होतीस. काय म्हणाले तुझे पप्पा, सांग बरं.

पल्लवी : जाऊ दे ना.

उषाबाई : सांग. माझ्या तोंडून नको.

पल्लवी : तू म्हणालीस, टेम्पो दोघा भावांचा आहे, मी शिकते, साड्यांचे गठ्ठे माझे मी मार्केटला नेत जाईन. तर पप्पा म्हणाले...

उषाबाई : हं.

पल्लवी : म्हणाले, वहिनी, स्टिअरिंग म्हणजे पोळपाट नाही.

उषाबाई : आणि पंगत हसली. पुरणपोळी तोंडात घेऊन हसली. दत्तूमामाला तर ठसका लागला. तेव्हा मी काय बोलले?

पल्लवी : लायसन हातात आल्याशिवाय तुमच्या उंबऱ्यात पाय ठेवणार नाही.

उषाबाई : मग झालं तर. अकरा महिने नाही ठेवला, आज शेवटच्या दिवशी चोरून ठेवू? आणि चोरून शिकलेलं उद्या चारचौघांत दाखवू?

पल्लवी : मी कॉम्प्युटरच वर आणते म्हटलं होतं. पप्पा म्हणाले, माझ्या घरातली वस्तू जिन्याच्या वर जाणार नाही.

उषाबाई : त्यांनी त्यांचं धरलंय, मी माझं धरलंय. मधे तू सापडलीस. तुला कंटाळा आला असेल तर जा, मी काही बोलणार नाही. त्या छोट्या रिमोटवर करत बसेन.

पल्लवी : त्यावर तर तू काल गेममधल्या दूधवाल्याची सायकल चिरडलीस.

उषाबाई : अंगठ्यानं कोणी गाडी वळवतं का? ते चालवणं नाही, मोबाइल बघणं आहे. मला हाताला जड लागलं पाहिजे. आणि ड्रायव्हिंग शाळेचा तो मास्तर! अर्धा तास गाडी देतो, त्यातला पाव तास स्टिअरिंगला त्याचाच हात. म्हणून तर उधन्याचा गेमवाला दुकान बंद करतोय म्हटल्यावर हे जुनं उचलून आणलं.

पल्लवी : याला क्लच पण नाही.

उषाबाई : क्लच मला येतो. पुढे जायला येतं, चढावर थांबायला येतं. मागे जाता येत नाही मला. टेस्टमध्ये ते एसच्या आकारात रिव्हर्स घ्यायचं आलं की सगळं उलटं होतं. दोन्ही वेळा तिथंच गेलं. तेवढं आज बसलं पाहिजे.

पल्लवी : योगेशदादाला फोन लावू?

उषाबाई : हजीऱ्याला कंपनीत शिफ्टवर आहे. फोन गेटवरच जमा करून घेतात. रात्री नऊला येईल माझं लेकरू, थकून. तू शिकतेस ना कॉलेजात? आणि घाबरतेस काय?

पल्लवी : घाबरत नाही. बीसीए आहे माझं, लूम कारखान्यातलं दोरे तोडायचं खातं नाही.

उषाबाई : माझ्या कामात तरी काय वेगळं आहे? मी तीस वर्षं खात्यात बॉबिन भरले. धागा तुटला की आम्ही मशीनला शिव्या देत नव्हतो. एका टोकाला बोट ठेवायचं आणि दुसऱ्या टोकापर्यंत न्यायचं. जिथं बोट अडलं तिथं तुटलं. तू सारखी या टोकाला आणि त्या टोकाला बघतेस. मधे बघितलंस का?

पल्लवी : मधे काय आहे? खाली आमचा राउटर, तिथून तार वर आलीय, वर तुझा राउटर. बस.

उषाबाई : मग त्यावरून बोट फिरव.

पल्लवी : चालेल. असं करू. प्रत्येक यंत्राला नेटवर्कमध्ये एक पत्ता असतो, आकड्यांचा. खाली जाऊन कॉम्प्युटरचा पत्ता ओरडून सांगते. तू लिहून घे. लॅपटॉपचा या पडद्यावर आहेच.

उषाबाई : हळू सांग. पन्नाशीनंतर शिकलेली अक्षरं आहेत माझी, तुझ्यासारखी पळत नाहीत. जा. दार उघडं ठेव.

पल्लवी : ऐकू येतंय का? मोठी आई?

उषाबाई : येतंय! बोल!

पल्लवी : एक नऊ दोन! टिंब! एक सहा आठ! टिंब! एक! टिंब! चौदा!

उषाबाई : चौदा! लिहिलं! ये वर!

पल्लवी : हे बघ, बरोबर आहे. तुझ्या लॅपटॉपचा सात, माझा चौदा. दोन वेगळे आकडे पाहिजेत, वेगळे आहेत. पत्त्यात काही लोचा नाही.

उषाबाई : थांब. बोट फिरवू दे मला. एक नऊ दोन. इथेही एक नऊ दोन. एक सहा आठ. एक सहा आठ. आता खालच्याला एक आहे. आणि इथे शून्य.

पल्लवी : कुठे?

उषाबाई : हे काय, शेवटच्या टिंबाच्या आधी. तू शेवटचाच आकडा बघितलास. घर नंबर बघितला, गल्ली बघितली नाही.

पल्लवी : ओ तेरी!

उषाबाई : काय झालं?

पल्लवी : मोठी आई, आपण दोन वेगळ्या नेटवर्कमध्ये आहोत! मी मूर्ख आहे, एक नंबरची मूर्ख. तार एकच, म्हणून मी धरून चालले की नेटवर्क पण एकच.

उषाबाई : नीट सांग. मूर्ख नंतर हो.

पल्लवी : वाटणी झाली तेव्हा योगेशदादानं वरचा राउटर बसवला ना, तेव्हा त्यानं तार या बाजूच्या निळ्या भोकात घातलीय. म्हणजे वरचं घर वेगळं, त्याची गल्ली वेगळी, मधे भिंत. या भिंतीला एक दार आहे, पण ते आतून उघडतं. वरच्यानं खाली जाऊन काही मागितलं तर मिळतं. म्हणून चित्र आलं. लॅपटॉपनं मागितलं, खालच्यानं दिलं. पण स्टिअरिंग खालच्यानं मागायचं असतं. खालचा वर येऊन दार वाजवतो, आणि राउटर म्हणतो, तुम्ही कोण? खालचे? चालते व्हा.

उषाबाई : म्हणजे राउटर माझ्या बाजूचा आहे.

पल्लवी : हसू नको. हे मुद्दाम केलेलं आहे का?

उषाबाई : केलंय. वाटणीच्या दिवशी योगेशला मीच सांगितलं. म्हटलं, चूल वेगळी झाली, मीटर वेगळं झालं, आता आपल्या घरातलं काही त्यांना दिसायला नको. त्यानं मनापासून केलेलं दिसतंय.

पल्लवी : सुरतभर लोक दोन राउटर लावतात. कोणी वाटणी म्हणून नाही लावत!

उषाबाई : आमच्याकडे भांडी वाटतात तेव्हा पळीसुद्धा मोजतात. हे तर मोठं यंत्र आहे. आता पाडता येते का भिंत?

पल्लवी : दहा मिनिटांचं काम. तुझ्या राउटरला सांगायचं की बाबा, तू पत्ते वाटणं बंद कर, ते काम खालचा करेल. मग तार निळ्या भोकातून काढून पिवळ्यात घालायची. की झालं एकच नेटवर्क. पण योगेशदादा चिडेल.

उषाबाई : त्याला मी बघते.

पल्लवी : आणि तुझी शपथ? दोन्ही घरं पुन्हा एका गल्लीत येतील.

उषाबाई : शपथ पायाची आहे, तारेची नाही. घाल.

पल्लवी : राउटरचा पासवर्ड लागेल.

उषाबाई : तो... योगेशला माहीत.

पल्लवी : त्यानं तुला लिहून दिला असेल. तुझ्या लेसच्या वहीत.

उषाबाई : दिलाय. पण हसायचं नाही.

पल्लवी : काबरं हसू?

उषाबाई : इंग्रजी अक्षरं आहेत. लिही. के, एच, ए, एल, आय. जे, ए, वाय, सी, एच, ई. एन, ए, एच, आय.

पल्लवी : खाली... जायचं... नाही. मोठी आई!

उषाबाई : म्हटलं होतं हसू नको. तो म्हणाला, आई, तुझ्या लक्षात राहील असं काहीतरी सांग. राहतं माझ्या लक्षात.

पल्लवी : थांब, पोट दुखलं माझं. हां. पत्ते वाटणं बंद. सेव्ह. आता ही तार निळ्यातून काढली. पिवळ्यात घातली. लॅपटॉपला पुन्हा जोडते. ये ना बाबा, ये ना... आला! शून्याच्या जागी एक! मी खाली जाऊन यादी बघते. तू स्टिअरिंगवरचे हात काढ.

उषाबाई : काबरं?

पल्लवी : जोडलं की ते स्वतःभोवती एकदा फिरतं. बोटं अडकतील.

उषाबाई : उगाच काहीतरी. यंत्र आपोआप कशाला... माय वं! फिरलं! पल्लवी! फिरलं गं! डावीकडे गेलं, उजवीकडे गेलं, मधे येऊन थांबलं!

पल्लवी : आलं यादीत! नाव आलं! घेतलं मी! मोठी आई, गाडी सुरू कर!

उषाबाई : केली. हललीय. थांब, थांब. हे बरोबर नाही.

पल्लवी : आता काय झालं? दम खाऊ दे, दोनदा जिना चढले.

उषाबाई : मी वळवते तेव्हा गाडी वळत नाही. मी सरळ करते तेव्हा वळते. एक श्वासभर मागे आहे.

पल्लवी : हां. लॅपटॉप वायफायवर आहे ना. चित्राला तेवढा उशीर खपतो, स्टिअरिंगला नाही. त्याला राउटरला तारेनं बांधायला पाहिजे. माझ्याकडे एक छोटी तार आहे, दोन हात लांब.

उषाबाई : राउटर तर दारावर आहे. टेबल इथे खिडकीपाशी.

पल्लवी : टेबल दारात न्यावं लागेल. अगदी जिन्याच्या तोंडाशी.

उषाबाई : धर तिकडून. साड्यांचा गठ्ठा पण घे, पायातली पेडलं मागे सरकतात, त्यांना टेकू लागतो. टीव्ही वळव इकडे. हळू, पोळपाटाची गाठ सुटेल.

पल्लवी : तुला खरंच दुसरी फळी मिळाली नाही? शिलाईचं टेबल जाड आहे, क्लॅम्प बसत नाही, मान्य. पण पोळपाट?

उषाबाई : घरात चार फळ्या आहेत. मी शोधून हाच बांधला. बसव तार.

पल्लवी : बसवली. आता?

उषाबाई : आता... हं. आता हातासोबत आहे. बाजूला हो. मला मागे जाऊ दे.

पल्लवी : ते पिवळे कोन मी एसच्या आकारात मांडलेत, खऱ्या ट्रॅकसारखे. कोनाला लागलं की टूं वाजतं. समज, तिथला सेन्सर.

उषाबाई : वाजलं.

पल्लवी : पुन्हा कर.

उषाबाई : पुन्हा वाजलं.

पल्लवी : सहावं आहे हे. थोडं पाणी पी.

उषाबाई : पाणी उद्या. पुढे ने गाडी, पहिल्यापासून.

वाल्मिक : पल्ले! ए पल्ले! तुझ्या कॉम्प्युटरला काय झालंय? समोर कोणी नाही आणि गाडी चालतेय!

पल्लवी : पप्पा! कधी आलात? हात लावू नका माऊसला!

वाल्मिक : आयला, मागे चाललीय! गेली, गेली, गेली... ठोकली! कोण चालवतंय हे?

उषाबाई : सांग त्यांना. मी चालवतेय म्हणावं.

वाल्मिक : ऐकलं. दारात बसलात वाटतं आज. पल्ले, माझ्या घरातली वस्तू वर जाणार नाही म्हटलं होतं ना मी?

पल्लवी : वस्तू नाही गेली, पप्पा. कॉम्प्युटर जागच्या जागी आहे. फक्त चित्र वर गेलंय.

वाल्मिक : मला शिकवू नको. बारडोलीच्या रस्त्यावर चार तास ऊन खाऊन आलोय. एक बटण दाबतो, सगळं बंद.

उषाबाई : भाऊजी, दाबा.

वाल्मिक : काय?

उषाबाई : दाबा बटण. घर तुमचं, वीज तुमची. मी शाळेच्या गाडीवर जाईन, जेवढं येतं तेवढ्यावर देईन. नापास झाले तर पुन्हा फॉर्म भरेन. साठ वर्षांची होईन, पासष्टची होईन. तुम्ही बटणं दाबत बसा, मी फॉर्म भरत बसते. बघू कोण आधी थकतं.

पल्लवी : पप्पा? दाबलंत का?

वाल्मिक : नाही अजून. ती गाडी अशी का डुलतेय? डावीकडे, उजवीकडे, डावीकडे, दारू प्यायल्यासारखी.

पल्लवी : नेटवर्कचं नाही ते. तार लावलीय आता.

वाल्मिक : नेटवर्क कसलं. चालवणाऱ्याची नजर हातावर आहे. स्टिअरिंगकडे बघत बघत मागे जाताहेत. म्हणून डुलते.

उषाबाई : मला कोणी विचारलं नव्हतं.

वाल्मिक : मी पल्लवीशी बोलतोय. सांग, म्हणावं, हातावरची नजर काढा.

पल्लवी : मोठी आई, पप्पा म्हणतात...

उषाबाई : बहिरी नाही मी. टूं वाजलं पुन्हा, तुमच्या बोलण्यात.

वाल्मिक : माझ्या बोलण्यात नाही, तुमच्या घाईत. एवढा एक्सलेटर कशाला? मागे जाताना पाय नुसता टेकवायचा. उकळत्या दुधाजवळ उभं राहतो तसं, हळू. आणि आरशात बघायचं. आरशात. मागचा कोन आरशातून सरकला की मग फिरवायचं, आधी नाही.

उषाबाई : तुमचा आवाज जवळ आला. कुठे आहात?

पल्लवी : पाचव्या पायरीवर आहेत.

वाल्मिक : पायरी दोघांची आहे. वाटणीत जिना सामाईक लिहिलाय.

उषाबाई : मग बसा सामाईक जिन्यावर. पण शिकवू नका. तेव्हा शिकवा म्हटलं होतं तेव्हा पंगतीला हसवलंत.

वाल्मिक : शिकवत नाही. दादा मला जे सांगायचा ते म्हणतोय. उधन्याच्या गोडाउनमागे दोन दगड ठेवायचा, आणि टेम्पो मधून मागे न्यायला लावायचा. आरशात बघितलं नाही की बाहेरून हात घालून कानाखाली एक.

उषाबाई : मला नाही मारलं.

वाल्मिक : कोणी?

उषाबाई : तुमच्या दादानं. भेस्तान स्टेशनच्या मागे, तो नवीन रस्ता व्हायचा होता, तिथं. रविवारी पहाटे. ते पण म्हणायचे, हळू, उषा, जागा कुठे पळून जात नाही.

वाल्मिक : दादानं तुम्हाला टेम्पो दिला चालवायला?

उषाबाई : चार रविवार.

वाल्मिक : मला बोलला नाही कधी.

उषाबाई : बोलणार होते. म्हणाले, आधी मागे घ्यायला शीक, मग वाल्मिकला दाखवू, नाहीतर तो हसेल. पाचव्या रविवारी दवाखान्यात होते.

पल्लवी : पप्पा?

वाल्मिक : काही नाही. खालची पायरी गार आहे, वर सरकतो. सरक जरा, मला टीव्ही दिसू दे.

पल्लवी : या ना वर. दोन पायऱ्या राहिल्यात.

वाल्मिक : वहिनी, ते... स्टिअरिंग कशाला बांधलंय तुम्ही?

उषाबाई : पोळपाटाला.

वाल्मिक : पोळपाटाला.

उषाबाई : तुमच्यामुळेच सुचलं. चांगला घट्ट बसलाय. लाटतानासुद्धा एवढा हलत नव्हता.

वाल्मिक : दादानं आणलेला आहे हा. चाळीसगावच्या बाजारातून.

उषाबाई : सागवानी आहे. पल्लवी, गाडी पुढे ने. आणि आता कोणी बोलायचं नाही. तू पण नाही, सामाईक जिना पण नाही.

(टीव्हीवर गाडी मागे सरकू लागते. वळणामागून वळण घेत ती शेवटच्या कोनापलीकडे थांबते.)

पल्लवी : मोठी आई! वाजलं नाही! एकदाही वाजलं नाही!

उषाबाई : ओरडू नको. एकदा जमलं म्हणजे चुकून पण असेल. पुन्हा लाव.

वाल्मिक : चुकून नव्हतं ते.

उषाबाई : पुन्हा लाव म्हटलं.

पल्लवी : हे घे. दुसरं साफ! तिसरं पण साफ! चौथं... थोडं... नाही लागलं! पाचवं पण! बस, थई गयुं, झालं एकदाचं! मोठी आई, पाचही साफ!

वाल्मिक : पल्ले, मम्मीला सांग चहा टाकायला. वहिनी, खाली...

उषाबाई : लायसन हातात आल्यावर.

वाल्मिक : हो. ते माझ्या लक्षात आहे. मग कप वर आणायला सांगतो.

पल्लवी : पप्पा, आपल्या घरातली वस्तू वर जाणार नाही ना?

वाल्मिक : चहा वस्तू नसते. जा तू.

पल्लवी : जाते. मोठी आई, आधी एक सांग. योगेशदादा यायच्या आत तार पुन्हा निळ्यात घालून ठेवू? भिंत होती तशी उभी राहील, त्याला कळायचं नाही.

उषाबाई : नको. पिवळ्यात राहू दे. चोरून काही नाही, त्याला मी सांगेन. उद्या लायसन नाही मिळालं तर मला परत लागेल ती.

वाल्मिक : मिळेल.

उषाबाई : तुम्ही सांगू नका. तुमचा शब्द मी एकदा ऐकलाय.

वाल्मिक : बरं. नाही सांगत. उद्या शाळेची गाडी घ्यायला येणार का?

उषाबाई : आठला येईल. मला कोणाची गरज नाही.

वाल्मिक : गरज आहे असं मी कुठं म्हटलं? मला त्याच बाजूचं भाडं आहे. ट्रॅकच्या जाळीबाहेर दोन मिनिटं उभा राहीन. मागच्या बाजूला, एक शब्द न बोलता. तुम्हाला कळणारही नाही.

उषाबाई : कळेल. आरशात बघणार आहे मी.